सोसायटीत आयव्हरमेक्टिन वाटून मलेरियाचे डास मरतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोरेगाव पूर्वेला १४० फ्लॅटची सोसायटी. पावसाळ्याच्या पहिल्या तीन महिन्यांत मलेरियाचे आठ रुग्ण निघाले, सहा व्हायवॅक्सचे आणि दोन फाल्सिपेरमचे (मलेरियाच्या परजीवीचे हे दोन प्रकार). कंपाउंडच्या भिंतीला लागून टॉवरचं काम चालू आहे, साइटवरच दोनेकशे मजूर राहतात, आणि मागच्या बाजूला म्हशींचा तबेला आहे. आयव्हरमेक्टिन घेतलेल्या माणसाला चावलेला डास मरतो, असं सेक्रेटरींच्या वाचनात आलं. सोसायटीच्या कपाटात कोविडच्या वेळच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्यांचं अर्धं खोकं तसंच पडून आहे. तेव्हा त्या सगळ्यांना वाटाव्यात का, मजुरांनाही द्याव्यात का, आणि तबेलेवाल्याला सांगून म्हशींना इंजेक्शनं देता येतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. तरीही गोळ्या वाटू नका. या दोन वाक्यांत विसंगती वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला घोटाळा इथे होतो की लोक याला मलेरियाची प्रतिबंधक गोळी समजतात. ती तशी नाही. डास चावतो तेव्हा आधी लाळ सोडतो, आणि परजीवी त्या लाळेतूनच तुमच्या अंगात जातात. रक्त पोटात गेल्यावर डासावर औषधाचा परिणाम सुरू होतो, तोही लगेच नाही, पुढच्या एकदोन दिवसांत. म्हणजे गोळी घेतलेल्याला मलेरिया व्हायचा तो होतोच. फायदा झाला तर त्या डासाने पुढे ज्यांना चावलं असतं त्यांचा. शेजाऱ्यासाठी औषध घ्यायचं, असा हा व्यवहार आहे. त्यामुळे ‘मी घेतली, माझ्यापुरतं झालं’ असं इथे होत नाही. बहुतेकांनी घेतली तरच काही घडतं.

डास मरतो कसा? किड्यांच्या आणि जंतांच्या मज्जापेशींवर ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइडच्या वाहिन्या असतात. आयव्हरमेक्टिन त्या उघड्याच ठेवतं, पेशी थंड पडते आणि डास लुळा होतो. माणसात त्या वाहिन्या नाहीत. त्यांच्याशी मिळत्याजुळत्या वाहिन्या आपल्या मेंदूत आहेत, पण पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन औषधाला मेंदूच्या बाहेर ढकलत राहतं. म्हणूनच हे औषध हत्तीरोग, खरूज आणि आफ्रिकेतल्या नदीअंधत्वावर (जंतांमुळे दृष्टी घालवणारा आजार) इतकी वर्षं निर्धास्तपणे दिलं गेलं. १९८७ पासून नदीअंधत्वासाठी ते फुकट वाटलं जातंय, आणि २०१५ च्या नोबेलचा अर्धा वाटा ते शोधणाऱ्या ओमुरा आणि कॅम्बेल यांना मिळाला. कीटकनाशकांना सरावलेल्या डासांवरही ते चालतं, कारण मच्छरदाण्यांवरच्या नेहमीच्या कीटकनाशकाचा, म्हणजे पायरेथ्रॉइडचा, मार्ग वेगळा आणि याचा वेगळा. घराबाहेर, संध्याकाळी चावणाऱ्या डासापर्यंत मच्छरदाणी पोचत नाही, माणसाचं रक्त मात्र पोचतं. कल्पना म्हणून ती खरंच सुंदर आहे.

त्यातही खरी ताकद आहे ती डासाच्या वयात. मलेरियाच्या रुग्णाला चावलेला डास लगेच मलेरिया पसरवत नाही. परजीवी त्याच्या पोटातून लाळग्रंथीपर्यंत पोचायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत दहा-बारा दिवस लागतात. तोवर डास जगला पाहिजे. समजा रोज शंभरातले ९० डास जगतात. दहा दिवसांनी ३५ उरतात. तेच रोज ८० जगत असतील तर दहा दिवसांनी जेमतेम ११. रोजच्या मरणात दहाचा फरक, आणि धोकादायक वयाला पोचणारे डास एक तृतीयांशाहून कमी. तेव्हा सगळे डास मारायची गरज नसते, म्हातारे होऊ दिले नाहीत तरी पुरतं.

आता मात्रा आणि मुदत, कारण अडतं ते इथेच. हत्तीरोगाच्या मोहिमेत किलोमागे २०० मायक्रोग्रॅम देतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, तुमच्या कपाटातली एक गोळी. रक्तातलं हे औषध साधारण अठरा तासांत निम्मं होतं. एवढ्या मात्रेनंतर रक्त डासाला मारक राहतं ते आठवडाभरही नाही. म्हणून केनियातल्या क्वाले भागातल्या मोठ्या प्रयोगात किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम, महिन्यातून एकदा, असे तीन महिने दिले. मच्छरदाण्या आधीच होत्या. त्यावर ५ ते १५ वर्षांच्या मुलांमधली नवी लागण २६ टक्क्यांनी कमी झाली. निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. केनियातल्याच आधीच्या एका अभ्यासात ३०० किंवा ६०० मायक्रोग्रॅम सलग तीन दिवस दिले, तेव्हा रक्ताचा डासांवरचा परिणाम २८ दिवसांनीही मोजता आला. उलट गिनी-बिसावच्या बिजागोस बेटांवर ३०० मायक्रोग्रॅम सलग तीन दिवस, मलेरियाच्या औषधाच्या जोडीला दिलं, आणि आयव्हरमेक्टिनने वेगळी अशी काहीच भर घातली नाही. एकाच औषधाचे असे दोन निकाल का? मात्रा, किती जणांनी घेतलं, डास माणसालाच चावतो की गुरांनाही, शेजारच्या गावातून नवे डास उडत येतात का, आणि सोबत दिलेल्या औषधानेच मलेरिया किती खाली आणलाय, या सगळ्यांवर ते ठरतं.

हेच निकष तुमच्या सोसायटीला लावून बघा.

मुंबईत मलेरिया पसरवणारा डास म्हणजे अॅनाफिलीस स्टीफेन्सी. तो गावाकडच्या डासासारखा भातखाचरात वाढत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं: टेरेसवरची टाकी, विहीर, कारंजं, बांधकामावरचं पाणी. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला तेव्हाही बोट विहिरींकडे आणि टाक्यांकडेच होतं; आता विहिरी कमी झाल्या आणि टाक्या गच्चीवर गेल्या, एवढाच फरक. प्रयोगशाळेत आयव्हरमेक्टिन पाजलं की स्टीफेन्सीही मरतो. पण रात्री कानाशी गुणगुणून तुम्हाला जागं ठेवणारा मुंबईतला डास बहुतेक वेळा गटारातला क्युलेक्स असतो, आणि डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो. या दोघांवर हे औषध अॅनाफिलीसपेक्षा खूपच कमी चालतं. त्यामुळे गोळ्या वाटल्यानंतर चौथ्या दिवशी कोणी ना कोणी ‘डास तर तेवढेच आहेत’ म्हणणार, आणि दुसऱ्या फेरीला दारं उघडणार नाहीत.

पुढे तबेला. जवळ गुरं असली की स्टीफेन्सी आनंदाने त्यांना चावतो. म्हणजे तुमच्याकडच्या डासांच्या जेवणातला एक हिस्सा म्हशींच्या रक्ताचा, जिथे औषधच नाही. उरलेल्यातला एक हिस्सा मजुरांचा. तुमच्या ५०० माणसांतून १५ किलोखालची मुलं, गरोदर बायका, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि आजारी माणसं वगळायची, नको म्हणणारे वगळायचे. मग डासाच्या शंभर जेवणांपैकी औषधाची किती पडणार? तिशी-चाळिशी गाठली तरी खूप झालं, आणि तेही पाच-सहा दिवसांपुरतं. इकडे टाकीत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. तुमची गोळी उतरेपर्यंत नवी कोरी फौज झाकणाच्या फटीतून बाहेर. टाकी उघडी ठेवून गोळ्या देणं म्हणजे नळ सोडून लादी पुसणं.

गोळ्यांचा हिशोबही मांडून ठेवतो. केनियाच्या मात्रेने साठ किलोच्या माणसाला एका फेरीला दोन गोळ्या लागतात. ४०० जणांच्या ८००, तीन फेऱ्यांच्या २,४००. अर्ध्या खोक्यात ते होत नाही. कोविडकाळातल्या गोळ्यांची तारीखही बहुधा उलटून गेलेली असणार, स्ट्रिपच्या पाठीमागे बघा.

सुरक्षिततेबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात. योग्य माणसाला योग्य मात्रेत हे औषध चांगलं सोसतं, हे खरं. पण ते योग्य मात्रेत जावं म्हणून हत्तीरोगाच्या मोहिमेत दारात उंचीची पट्टी लावून माणूस उभा करतात: ९० सेंटिमीटरखाली काही नाही, ९० ते ११९ ला ३ मिलिग्रॅम, १२० ते १४० ला ६, १४१ ते १५८ ला ९, त्यावर १२. गोळी समोर गिळायला लावतात, नाव लिहितात, आणि कोणाला चक्कर, उलटी किंवा अंगावर पुरळ आलं तर बघायला डॉक्टर ठेवतात. सोसायटीच्या ऑफिसातून वॉचमनच्या हाती पाकिटं पाठवली की यातलं काहीच उरत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणारे आजोबा, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक किंवा व्हेरापामिल हे रक्तदाबाचं औषध चालू असलेली एखादी बाई, यांच्याबाबतीत मात्रा दुप्पट करून बघायची नसते. ताटातल्या तुपातेलानेही फरक पडतो, कारण स्निग्ध जेवणानंतर हे औषध रिकाम्या पोटाच्या अडीच पट शोषलं जातं. हे चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. निरोगी माणसांना प्रयोग म्हणून द्यायचं तर नैतिकता समितीची आणि औषध नियंत्रकांची परवानगी लागते. ती सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाने मिळत नाही.

म्हशींचं उत्तर सोपं आहे: नको. जनावरांचं एक टक्क्याचं इंजेक्शन पन्नास किलोमागे एक मिली, कातडीखाली, म्हणजे पाचशे किलोच्या म्हशीला १० मिली. डास मरण्याच्या दृष्टीने ही कल्पना वाईट नाही, मोझांबिकमधल्या आयव्हरमेक्टिनच्याच एका प्रयोगात एका गटात माणसांबरोबर जनावरांनाही औषध दिलंच होतं. पण हे औषध चरबीत विरघळतं आणि दुधात उतरतं. मुंबईच्या तबेल्यात दुभती म्हैसच असते, भाकड झाली की ती बाहेर जाते. ते दूध तुमच्याच बिल्डिंगमध्ये येणार. शिवाय हे औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांना मारतं. आणि कृपा करून तबेल्यातली बाटली आणून माणसांना थेंब मोजायचा विचार कोणी करू नये. त्या एका मिलीत १० मिलिग्रॅम असतं, हात जरा सैल सुटला की मुलाला कित्येक पट मात्रा जाते.

याच ओघात आणखी एक प्रश्न नेहमी येतो, की मग गोळ्या कुटून टाकीतच टाकल्या तर? अळ्या मरतील, पण ते पाणी तुम्ही पिता.

औषधानेच साखळी तोडायची असेल तर ते औषध तुमच्याकडे आधीच आहे. त्याचं नाव प्रायमाक्वीन. फक्त ते सगळ्यांना द्यायचं नाही, त्या आठ जणांनी पूर्ण घ्यायचं आहे. व्हायवॅक्समध्ये तीन दिवसांच्या क्लोरोक्वीनने ताप जातो आणि रुग्ण कामावर जातो. पण परजीवीचं निद्रिस्त रूप यकृतात लपलेलं असतं, ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतं आणि तोच माणूस पुन्हा डासांना खाद्य पुरवतो. त्यासाठी प्रायमाक्वीन १४ दिवस, किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम. आठव्या दिवसापर्यंत बहुतेकांना ठणठणीत वाटतं आणि उरलेली पट्टी फ्रिजवर जाते. तुमच्या सहा जणांना विचारा, चौदाच्या चौदा झाल्या का. फाल्सिपेरममध्ये गोष्ट वेगळी आहे. तापावरच्या मिश्र औषधाने आजार बरा होतो, पण डासाला लागण करणारी पक्व रूपं रक्तात मागे राहू शकतात. ती मारायला दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनची एकच मात्रा देतात, किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्वीन चालत नाही, आणि जी-सिक्स-पीडी हे लाल पेशींना जपणारं विकर कमी असलेल्यांच्या लाल पेशी फुटू शकतात, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. लघवी गडद चहासारखी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं. आयव्हरमेक्टिनचा त्या यकृतातल्या रूपावर काहीही परिणाम नाही. आठातले सहा व्हायवॅक्सचे असताना हा मुद्दा छोटा नाही.

आता टाकी. आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. सात दिवसांच्या फेरीत अळी डास होण्याआधी सापडते, दहा दिवसांवर गेलात की निसटते. प्लंबरबरोबर कमिटीतलं एक माणूस वर गेलं पाहिजे, हातात टॉर्च आणि लांब दांड्याचा पांढरा डोया. झाकण हळू उघडा. धाडकन उघडलंत किंवा सावली पाण्यावर पडली की अळ्या बुडी मारतात आणि ‘काही नाही’ असा शेरा वहीत पडतो. दोन मिनिटं थांबा, भिंतीकडेच्या पाण्यात डोया तिरका घालून भरा, उजेडात धरा. अळी पृष्ठभागाला समांतर, काडी आडवी तरंगावी तशी दिसली तर ती अॅनाफिलीस. डोकं खाली करून तिरकी लोंबत असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. एवढं ओळखता आलं की निम्मी लढाई समजते, कारण टाकीत आडवी अळी सापडली तर मलेरिया तुमच्या स्वतःच्या गच्चीवर तयार होतोय आणि शेजारच्या बिल्डरला शिव्या देण्यात अर्थ नाही.

झाकण आहे, असं सगळेच सांगतात. बघायचं ते हे: झाकण कडेला घट्ट बसतं की दगड ठेवून दाबलंय? केबल किंवा पाइप आत नेण्यासाठी कोणी कोपरा कापलाय का? ओव्हरफ्लो आणि व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी आहे का, आणि ती कुजून लोंबत नाही ना? डासाला बोटभर फट म्हणजे महाद्वार. जाळी बारीक, इंचाला सोळा-अठरा घरांची, आणि स्टीलच्या पट्टीने आवळलेली. नायलॉनची सुतळी एका पावसाळ्यात सुटते. आणि टाकीला नीट शिडी लावा. शिडी नसली की पालिकेचा माणूसही खालूनच बघून जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. जमिनीखालची टाकी आणि अग्निशमनाची टाकी लोक विसरतात. दुसरीचं पाणी महिनोन्महिने हलत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

बांधकामाच्या साइटवर स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, साठवलेलं पाणी, लिफ्टचे खड्डे, मजुरांची पिंपं आणि तळघरात साचलेलं पाणी, या चार जागा. क्युरिंगचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून स्लॅब एक दिवस नुसत्या ओल्या गोणपाटाखाली ठेवता येतो, कामाला बाधा येत नाही. लिफ्टच्या खड्ड्यात पंप लावावा, किंवा पालिकेच्या कीटकनाशक विभागाकडून अळीनाशक टाकून घ्यावं. कारंज्यात किंवा वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे, कडेच्या दर मीटरला पाच ते दहा. नळाच्या क्लोरिनच्या ताज्या पाण्यात मात्र ते मरतात. ठेकेदार ऐकत नसेल तर वॉर्डच्या कीटकनाशक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. डासांची पैदास होऊ देणाऱ्याला मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली नोटीस निघते. मजुरांना आयव्हरमेक्टिन नाही, पण रक्ततपासणी जरूर. त्यांच्यातला कोणी तापाने पडला तर त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात, आणि व्हायवॅक्स निघाला तर त्याची चौदा दिवसांची गोळी मुकादमासमोर. गावाहून नवा आलेला माणूस आधी तपासा, कारण फाल्सिपेरम बहुतेक वेळा कोणाच्या तरी अंगातून प्रवास करून येतो.

धूर फवारणी मागवू नका असं म्हणत नाही. रुग्ण निघाल्यावर तिचा उपयोग आहे, त्या वेळी उडत असलेल्या प्रौढ डासांपुरता. ती रोज मागवली की लोकांचं समाधान होतं, टाकी तशीच राहते.

हे करून लगेच हिशोब मागू नका. आज टाकी बंद केली तरी आधीच उडालेले डास दोन-तीन आठवडे जगतात, आणि चावल्यावर ताप यायला आणखी दहा ते सतरा दिवस जातात. पाच-सहा आठवड्यांपर्यंत नवे रुग्ण येत राहिले तर काम फसलं असं नाही. त्यानंतर जुनाच व्हायवॅक्सचा रुग्ण पुन्हा तापला तर तो नव्या डासाचा नव्हे, अपुऱ्या प्रायमाक्वीनचा दोष असू शकतो. म्हणून वहीत रुग्णाचं नाव, प्रकार, ताप आल्याची तारीख आणि गोळ्या संपल्याची तारीख लिहा. ही शेवटची तारीख कोणीच लिहीत नाही.

डास मारणाऱ्या औषधांचं पुढे काय, यावरही थोडं. २०२५ मध्ये नायटिसिनोन या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरच्या औषधाबद्दल लक्षवेधी काम आलं. रक्तातलं टायरोसिन पचवणारं डासाचं विकर ते बंद करतं, त्यामुळे प्यायलेलं रक्तच डासाला भोवतं. ते अंगात आयव्हरमेक्टिनपेक्षा जास्त काळ टिकतं. पण तेही कपाटातून काढून वाटायची गोष्ट नाही.

आणि ते अर्धं खोकं. कमोडमध्ये टाकू नका. आयव्हरमेक्टिनचा अगदी सूक्ष्म अंशही पाण्यातल्या डॅफ्नियासारख्या जिवांना मारतो, आणि तुमचं सांडपाणी शेवटी खाडीतच जातं. गोळ्या स्ट्रिपमधून न काढता, कात्रीने स्ट्रिपवरचं नाव आणि तारीख कापून टाका म्हणजे कोणी उचलून विकणार नाही, आणि घरगुती घातक कचऱ्यात वेगळ्या द्या.